फिरती ढाल

लॅक्रॉस.
एका शब्दात दोन अर्धचंद्र,
पितळेवर कोरायला अवघड.
रविवार पेठेत तीस वर्षं नावं कोरतोय मी,
खो-खो, कबड्डी, वक्तृत्वसुद्धा;
हा खेळ मात्र पोरींनीच दाखवला, दुकानाच्या पायरीवर,
आंबे उतरवायच्या झेल्यासारखी काठी घेऊन.

अंतिम सामना गुरुवारी झाला. नऊ-आठ.
शुक्रवारी यादी आली: विजेता संघ,
उत्कृष्ट गोलरक्षक शलाका ओव्हाळ.
कोरलं. पुसलं. फडक्यात बांधलं.

शनिवारी क्रीडा मंडळाचा फोन:
"थांबा जरा, हरकत आलीय.
त्या ओव्हाळचा एक विषय राहिलाय,
नियम सात, पोटनियम ब."
मग बैठक. मग बैठक पुढे ढकलली.
मग गुंजाळ सर स्वतः आले, चहा घेतला,
ढालीकडे न बघता म्हणाले, "खोडा."

पितळेवरचं खोडता येत नाही, साहेब.
घासावं लागतं.

घासलं.
आता त्या वर्षाची पट्टी
सगळ्यांत जास्त चकाकते,
आणि उजेडात तिरपी धरली
तर ओव्हाळमधला ळ दिसतो अजून.

काल ती आली होती.
"काका, काठीवर नाव घालाल?"
पैसे सांगितले नाहीत.
अक्षर जरा खोल घेतलं.