कानामागे

लव्होन क्रिझच्या स्वयंपाकघरात
टेबलावर एक पिस्तूल पडलं आहे,
निळं, खेळण्यातल्यासारखं.
शेजारी लोण्याची वाटी, चष्मा,
आणि पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडलेला हिशोब,
ज्यात ती हातचा एक विसरली आहे.
तो मी मनातच मिळवते.

उद्या सकाळी सातला शेजारी येतील,
एकशे बारा वासरांना डाग द्यायला,
लसी टोचायला, गोऱ्हे खच्ची करायला.
त्यातच हेही उरकायचं.
किंवा नाही.

एल्डन होता तोवर टोचायचे.
तो गेल्यावर तीन वर्षं टोचलं नाही.
लोकांना वाटलं, बाईंनी काही तत्त्व धरलं.
"तत्त्व कसलं," ती म्हणते,
"पिस्तूल सापडत नव्हतं.
परवा त्याच्या बुटांच्या खोक्यात निघालं."

"तुझी असती तर काय केलं असतंस?"
हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा विचारतात
नेब्रास्काच्या या वाळूच्या टेकड्यांमध्ये,
आणि माझ्या घरी फक्त एक मांजर आहे.

म्हणून मी आकडे सांगते.
कानाच्या मागच्या बाजूला, मधल्या भागात,
कातडी आणि कूर्चेच्या मध्ये
कणीएवढ्या गोळ्यांची एक रांग.
तीनएक महिने झिरपत राहते.
सुई मळकी असली की गळू धरतं, सगळं वाया.
ऑक्टोबरपर्यंत वीसेक पौंड जास्त,
खर्च एका कॉफीहून कमी.
ज्या कालवडी कळपात ठेवणार, त्यांना नको.
आणि ओमाहाचा तो खरेदीदार,
जो कोऱ्या कानांचे जास्त पैसे देतो,
त्याला भरलेला ट्रक लागतो.
तुझे गोऱ्हे अठ्ठावन्न.
अर्धा ट्रक म्हणजे नुसता प्रामाणिकपणा.

मांसाचं ती विचारते. मी सांगते,
फरक इतका थोडा की जिभेला कळणार नाही, अंगालाही नाही.
हे मी वाचलेलं आहे, आणि मला पटलेलं आहे.
मी ते मांस खात नाही, हे तिला ठाऊक आहे.
दोघीही तो विषय
लोण्याच्या वाटीसारखा जरा बाजूला सरकवतो.

"आमच्याकडे बाळाचे कान सोनार टोचतो,"
मी उगाच सांगते, "आणि लगेच सोन्याची तार घालतो."
"म्हणजे वजन तिथंही वाढतंच,"
ती म्हणते, आणि चष्मा घालून
हातचा एक शोधून काढते.

सकाळी धूळ, जळक्या केसांचा वास,
गायींचा एकसुरी हंबरडा कुंपणापलीकडून.
दोन पोरं वासरू आडवं धरतात,
मी कान पुसते, सुई जंतुनाशकात बुडवते,
चाप ओढते, अंगठ्यानं चाचपते:
रांग बसली. पुढचं.
गोऱ्हे तेवढे. कालवडी तशाच सुटतात.

एकेचाळिसावा आला तो आखूड कानांचा.
मार्चच्या हिमवादळात जन्मलेला,
कानांची टोकं गोठून गळून पडली होती,
दोन रात्री लव्होनच्या न्हाणीघरात
टबमध्ये, एल्डनच्या कोटाखाली काढलेला.
"ह्याला नको," ती म्हणाली.
"मधला भाग शाबूत आहे," मी म्हटलं, "जागा आहे."
"जागेचं नाही गं. हा माझ्या फ्रीझरचा."

पोरांनी माझ्याकडे पाहिलं.
काल रात्री याच तोंडानं मी म्हणाले होते,
जिभेला नाही, अंगालाही नाही.
ते अजूनही खरंच होतं.
तिलाही ते खरंच वाटत असावं,
नाहीतर बाकीचे सत्तावन्न
कुणाच्या तरी ताटासाठी तिनं टोचू दिले नसते.

विचारायचं होतं.
कानामागे टाकलं.

वासरू सुटलं, धडपडलं,
आईच्या कासेला जाऊन भिडलं.
लव्होननं वहीत एक रेघ मारली,
मग ती खोडली,
आणि समोर काहीच लिहिलं नाही.
मी सुई पुसली.
पुढचं.