सहावा प्लग

इंजिन थंड असावं लागतं.
तातो हे तीनदा सांगतात,
रात्रभर शेडमध्ये गारठलेल्या गाडीसमोर उभं राहून.
शहाऐंशीची फोर्ड, एका रांगेत सहा सिलिंडर,
दाराखालचा पत्रा गंजानं कुरतडलेला,
मागच्या हौद्यात गेल्या सुगीची बार्ली,
त्यातली थोडी उगवून तिथंच वाळलेली.
बाहेर सस्कॅचवनचा ऑक्टोबर.
रानहंस दक्षिणेला निघालेत, भांडत भांडत,
लग्नाहून परतणाऱ्या नातेवाइकांसारखे.

शेडमधला दिवा गेल्या वर्षीच गेलाय.
विजेरी त्यांच्या हातात.
मी सात वर्षांची होते तेव्हा ती माझ्या हातात असायची
आणि ते कमरेपर्यंत इंजिनात,
तिथूनच ओरडायचे,
"माझ्या डोळ्यांत नको, दारका, कामावर धर!"
काम नेमकं कुठं आहे
हे मला कधीच कळलं नाही.

आता त्यांचा हात थरथरतो, गोळी घेऊनही,
आणि उजेड माशीसारखा
नटावर बसतो, उडतो, पुन्हा बसतो.
मी काही म्हणत नाही.
मग म्हणते, "इकडे, तातो."
आणि जीभ चावते.

वायर ओढायची नाही, टोपी धरून पिळायची.
पाना अर्धा फेरा सोडायचा, पाव फेरा परत आवळायचा,
भांडण मिटवताना घेतात तशी माघार.
"किंचाळला की थांब. लोखंड सांगतं."
पहिलाच किंचाळतो.
गंजावरच्या तेलाचे दोन थेंब,
आणि आम्हाला कॉफी.

निघालेला प्रत्येक प्लग ते
चष्मा कपाळावर चढवून वाचतात,
डॉक्टर जीभ बघतात तसा.
पहिला बिस्किटी रंगाचा, ठणठणीत.
दुसराही.
तिसरा काजळीनं काळा,
"जास्त पितोय, तुझ्या मिकोला काकासारखा."
चौथा तेलानं ओला.
त्यावर ते बोलत नाहीत.
शर्टाच्या टोकानं पुसत राहतात,
पुसून आतली झिजलेली रिंग भरून येणार असल्यासारखे.
पाचव्याकडे बघतच नाहीत.

नव्या प्लगांची फट मात्र त्यांनाच मोजायची आहे.
पातं फटीपाशी जातं, चुकतं,
जातं, चुकतं.
मी दाराच्या फळ्यांमधून आभाळ बघत राहते,
हंस कधीचे निघून गेलेत तरी.
सहाही मोजून होतात.

मग रबरी नळीच्या तुकड्यात प्लग खोचून
नुसत्या बोटांनी फिरवायचा.
आटे जुळले तर आत जातो,
नाही जुळले तर नळीच घसरते, नुकसान नाही.
ही युक्ती त्यांना कुणी शिकवली, मी विचारते.
"एक बिघडवला होता," ते म्हणतात.

सहावा आत, पार मागच्या पत्र्याशी.
कोपर सोलतं. पाना वळायला जागा नाही.
"खाली धरा. अजून. नाही, डावीकडे, तातो, डावीकडे..."
ते विजेरी बंद करतात.
"तो बघून निघत नाही," अंधारातून आवाज येतो.
"इतक्या वर्षांत मीही पाहिलेला नाही."

गार लोखंड. एक नळी, एक कंगोरा,
ग्रीसचा जुना थर,
आणि मग बोटांखाली षटकोन,
अगदी तिथंच.

चावी फिरवते. गाडी खोकते, लंगडते.
तातो डोळे मिटून घेतात.
"तीन आणि पाच. वायरी उलट लावल्यास."
खरंच उलट लावल्यात.

जुने सहा ते कॉफीच्या डब्यात टाकतात,
आधीच्या कितीतरी सहांवर.
"कधी लागतील सांगता येत नाही."
एकही कधी लागलेला नाही.

आता इंजिन एका लयीत चालतंय.
जवळजवळ.
चौथा मध्येच एक ठोका चुकवतो,
दोघांनाही ऐकू येतो.
"चालेल," तातो म्हणतात, "हा हिवाळा तरी."
आणि हात खिशात घालतात,
दोन्ही.