धारेचा दगड

रात्री दीडला सबस्टेशनच्या खोलीत
मी रजिस्टरात लोड लिहितो
आणि परसराम मोबाइल
पाण्याच्या जगाला टेकवून उभा करतो.
बाहेर ट्रान्सफॉर्मर एकाच सुरात,
झोपेत बरळणाऱ्या माणसासारखा.

युरोपातला सामना. पिवळे कोण, निळे कोण,
आता आम्हाला पाठ आहे.
पिवळ्यांनी आपली लीग फेब्रुवारीतच
जिंकल्यात जमा केलेली.
तिकडं त्यांना विचारणारं कोणी नाही.
निळे आपल्या देशात चौथे,
दर शनिवारी कुणीतरी त्यांचं कातडं सोलतं.

"पिवळे खातीन यायले," परसराम म्हणतो,
"घरी चार-चार गोल मारून आले बे थे."

मी काही बोलत नाही.
पिवळ्यांच्या गोलकीपरचा चेहरा पाहत बसतो.
स्वच्छ, इस्त्रीचा.
दिवाळीपासून त्याच्या अंगावर
धड एक चेंडू आलेला नाही.

हा चेहरा मी आधी पाहिला आहे.

खैरगावचा देवानंद आत्राम चढाईला आला
की आमच्या बोरीच्या पोरांच्या पोटात गोळा यायचा.
उजव्या पावलावर गर्रकन वळायचा,
मरळ निसटावी तसा हातातून जायचा.
त्याच्या एकट्यासाठी आम्ही वर्षभर
कंदिलाच्या उजेडात साखळी घोटायचो.

मग कुणाला तरी सुचलं,
खोटं कशाला बोलू, मलाच सुचलं,
की त्यालाच आणू.
जिनिंगमध्ये रात्रपाळी, एक जुनी राजदूत.
पुढच्या वर्षी दाभडीचा डावा कोपरा.
त्याच्या पुढच्या वर्षी लोणीचे राठोड,
दोघं भाऊ, एका पगारात.

चार वर्षं चषक आमचा.
पहिला लोण चढला
की माणसं भज्यांच्या गाडीकडे वळायची.
पाचव्या वर्षी खैरगावात संघच उभा राहिला नाही.
मैदान ज्याचं होतं त्यानं गहू पेरला.

आणि मग पुसदची खुली स्पर्धा, मॅटवर.
समोर किडकिडीत पोरं,
कान चुरगळलेले, कोपरं सोललेली.
त्यांच्याकडे म्हणे आठ गावं,
आठही एकमेकांच्या उरावर.

देवानंद गेला. वळला. त्याच पावलावर.
पाय धरला गेला.
पडल्या पडल्या तो आमच्याकडे पाहत राहिला,
हे काय झालं, असं विचारत.
चार वर्षांत त्याचा पाय
कुणी धरलाच नव्हता.

परतताना टेम्पोत सगळे गप्प.
अरुणावतीच्या पुलावर तोच बोलला,
"खैरगावात असतो तं
तुमीच धरला असता माहा पाय.
मंग मी दुसरं पाऊल शिकलो असतो."

आम्ही धारेचा दगड विकत घेतला होता
आणि घरात नेऊन,
कापडात गुंडाळून ठेवला होता.

तरी नियम म्हणून हे कुणाला सांगत नाही.
आम्हाला हरवणारी ती पोरं
दुसऱ्या दिवशी सेमीफायनलला
गुडघ्यांना चिंध्या बांधून उतरली,
आणि दोघांना तर उभंही राहवेना.
रोज घासलेलं पातं
कधी कधी मुठीपर्यंत झिजून जातं.
किती घासावं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्र्याऐंशीवं मिनिट.
निळ्यांचा एक बुटका पोरगा,
पायांत गोळे आलेले, लंगडत,
तरी दोघांच्या मधून.
गोलकीपर पुढे यावं की मागं जावं
याचा विचार करतो.
विचार करतो.

"गेलं ना बे!" परसराम उठून उभा.
जग हलतो, मोबाइल पालथा पडतो.
"तुले कसं काय समजलं होतं?"

समजलं नव्हतं. मला बुटकाही थकलेलाच दिसत होता.

तीनची नोंद राहून गेलेली.
चष्मा लावतो, मीटरसमोर जातो.
खैरगाव फीडर, अठ्ठावीस अँपिअर.
या वेळी कुणीतरी
गव्हाला शेवटचं पाणी देतंय.