बत्तीस भोकं

सियागंजात तैयबभाईंच्या दुकानात
रिमा खिळ्यांना टांगलेल्या असतात,
अजून चाक न झालेली चाकं.
त्यांच्यातून मागची भिंत दिसते,
भिंतीवर मागल्या वर्षीचं कॅलेंडर
आणि तारखांच्या चौकटींत पेन्सिलीनं
कुणाकुणाची उधारी.

माझी वाकलेली रिम मी कापडी पिशवीत नेली होती,
अर्धी आत, अर्धी बाहेर.
सिटी बसचा कंडक्टर म्हणाला, हिचं तिकीट?
तैयबभाईंनी ती स्टँडवर चढवलीसुद्धा नाही.
हातात धरून एक डोळा मिटला.
"जानापाव?"
जानापाव.
उतारावर जिथे गोटे सुटे आहेत
तिथे मी ऐन वेळी ब्रेक दाबला होता.
सोडून दिलं असतंस तर चाक आपसूक निघालं असतं,
असं सगळे म्हणतात.
सगळे, म्हणजे जे पडले नाहीत ते.

मग रुंदी. आतून पंचवीस की तीस?
तीसवर टायर मांडी घालून बसतो,
हवा कमी ठेवता येते, दगड हाडापर्यंत येत नाही.
पंचवीस हलकी, चढाला बरी.
मी म्हटलं, चढ मला जमतो. तीस द्या.

कार्बनची त्यांनी नुसती काढून ठेवली,
सराफ न मागता एखादा हार ठेवतो तशी.
उचलली, तर हाताला काही लागलंच नाही.
किंमत ऐकून खाली ठेवली.
आमच्या फ्रिजचं दार दोरीनं बांधलेलं आहे
आणि दोरी यशवंतांना रोज दिसते.
अॅल्युमिनियम वाकतं, तैयबभाई म्हणाले,
पण सांगून वाकतं.

"और छेद? अट्ठाईस या बत्तीस?"
ते कशावर ठरतं?
"वज़न पे. कितना है आपका?"

अडुसष्ट.

एकवीस वर्षं विम्याच्या कचेरीत
हाच प्रश्न मी टेबलापलीकडे सरकवते.
उत्तराआधी माणसं किंचित पोट आत घेतात.
मी सांगतील ते लिहिते,
पेन थांबवत नाही.
त्यांनीही थांबवलं नाही.

रात्री हिशेब केला.
सात किलो कमी सांगितले, म्हणून चार तारा कमी.
त्या चार तारांच्या जागी
उतारावर नेमकं काय असणार?
बैलगाडीच्या चाकाला आपल्याकडे शब्द होते:
मध्ये तुंबा, मग आरे,
आणि सगळ्यांना आवळून धरणारी बाहेरची लोखंडी पट्टी,
तिला धाव म्हणत.
जी धावत नाही, नुसती धरून असते,
तिला धाव.
लोहार ती तापवून बसवायचे
आणि पाणी ओतायचे,
मग ती आकसायची, लाकूड कण्हायचं.
हे मला कुणी सांगितलं आठवत नाही.
पंखा बंद करून मी बराच वेळ पडून राहिले.

सकाळी दुकान उघडायच्या आत फोन लावला.
तैयबभाई, अडुसष्ट नाही. पंचाहत्तर.
पलीकडे शटर वर जाण्याचा आवाज.
"बत्तीसवाली ही निकाली है, मैडम.
आप काउंटर पे टिकी थीं ना,
काँच ने बता दिया था."

शनिवारी गेले तेव्हा तारा भरून झाल्या होत्या.
काळी, साधी, तीसची.
जोड कुठे आहे तो त्यांनी दाखवला,
व्हॉल्व्हच्या बरोबर समोर, नखाला लागेल न लागेल असा.
एकेक तार बोटानं छेडत गेले,
दोन तारा बेसूर निघाल्या,
तिथे किल्ली पाव फेरा.
मग चाक फिरवलं.
ते फिरत राहिलं, कितीतरी वेळ,
कुणाचंच वजन नसल्यासारखं.
बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता.
त्यांनी बोट लावून थांबवलं,
"अब आप बैठिए."