बोटीवर माती नसते

सिप्रियान चपला काढत नाही.
"रबरी आहेत, राहू देत," म्हणतो
आणि मेन स्विच खाली ओढतो.
फ्रिज एक उसासा टाकून गप्प.
मग शिवोलीची दुपार आत येते,
कोणाच्या तरी कोंबड्या, दूरची फेरी.

मी टॉर्च धरून त्याच्या मागे,
आईला डॉक्टरकडे नेल्यासारखी.

"शॉक लागतो कुठे?"
नाही, म्हणते मी.
मग आठवतं :
आई फ्रिज उघडताना
पदर गुंडाळायची हाताला.
आम्हीही तेच शिकलो.
त्याला आम्ही मुंग्या म्हणायचो.

वायरिंग बाबांचं. बोटीवर फिटर होते,
एका सुट्टीत सगळं घर एकट्यानं ओढलं,
भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा करत.
एक खूण अजून आहे कपाटामागे.

सिप्रियान मीटर लावतो. पुन्हा लावतो.
मागच्या दारानं बाहेर जातो,
बराच वेळ येत नाही.
माडाच्या बुंध्याशी वाकलेला दिसतो,
हातात हिरव्या वायरीचं टोक.
जमिनीच्या वीतभर वर
लोंबत होतं ते, एकतीस वर्षं.

"बोटीवर माती खंय आसता, बाये?"
तो हसत नाही.
मग डबा उघडून सांधा बघतो,
अंगठ्यानं चाचपतो.
"हो मात बरो केला."

उद्या खड्डा. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी.
उन्हाळ्यात पाणी घालायचं, विसरायचं नाही.
वहीत लिहून, कान खाजवून, तो जातो.

संध्याकाळी दूध काढायला उठते.
फ्रिज बंदच आहे.
तरी हात आधी
ओढणीकडे जातो.