झडती

झोंगुलदाकच्या खाणीत उतरण्याआधी
दारावरचा इस्मेत आमची झडती घ्यायचा.
खिसे, मोजे, टोपीची शिवण.
एक काडी सापडली तर दिवसाचा पगार जायचा,
न सापडती तर
खाली असलेल्या सगळ्यांचंच आयुष्य.

सत्तावीस वर्षं.
रोज आठ तास मी बिनधुराचा माणूस होतो
आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

वर आलो की आधी उजेड नाही, आधी सिगारेट.
पिंजरा थांबायच्या आतच ओठ तयार.
समोर काळा समुद्र असायचा,
तो निळा असतो हे मला
परवा परवा कळलं.

निवृत्त झालो तशी झडतीही संपली.
दिवस वरचाच, रात्रही वरचीच,
तीन पाकिटं.
मग डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो खिडकीवर धरला,
म्हणाले, रहमीबे, यातला कोळसा आता निघायचा नाही.
बाकीचं तुम्ही बघा.

गुरुवारी संध्याकाळी दवाखान्यामागच्या खोलीत
आम्ही सातजण बसतो.
पहिल्या दिवशी हातांचं काय करावं कळेना.
चहा ढवळत राहिलो,
साखर घातलीच नव्हती.
शुक्रिये शेजारी होती, शाळेत स्वयंपाक करते,
चार वर्षं झाली तिला सोडून.
तिने दोन खडे माझ्या ग्लासात टाकले,
म्हणाली, आता ढवळ.

टॅक्सीवाला तुंजाय सगळ्यांत लहान.
तो सारखा विचारायचा,
किती दिवसांनी तलफ मरते?
कोणी उत्तर दिलं नाही.
शुक्रिये म्हणाली, मरत नाही रे,
म्हातारी होते.
मग दारात बसून नुसती खोकते.

रात्री तीन वाजता मी तिला फोन करायचो.
बोलायला काही नसायचं.
पलीकडे ती सकाळसाठी कांदे सोलत असायची,
सुरी पाटावर टक, टक,
आणि मी दम धरून.
काय गंमत आहे शब्दाची,
आयुष्यभर दम मारला,
धरायला साठी उजाडली.
एकदा तिने विचारलं, खाणीत कसं राहायचास?
म्हटलं, तिथे प्रश्नच नव्हता.
मग समज, अजून खालीच आहेस,
पाळी संपायचीय.

चौथ्या महिन्यात इस्मेत गेला.
माती देऊन झाल्यावर सगळे भिंतीला टेकले,
बारा-पंधरा जुने खाणवाले,
आणि एकाच वेळी धूर निघाला.
कोणीतरी पाकीट पुढे केलं.
मी घेतली.
खोटं कशाला सांगू, गोड लागली.

त्या गुरुवारी गेलो नाही.
फोन वाजला, वाजू दिला.

शुक्रवारी सकाळी दार वाजलं.
शुक्रिये आणि तुंजाय.
वाटलं आता प्रवचन.
तुंजाय म्हणाला, आबी, हात वर.
खिसे बघितले त्याने, मग वाकून मोजे.
तिने माझ्या डोक्यावरची टोपी काढली
आणि शिवणीवरून अंगठा फिरवला,
अगदी इस्मेतसारखा, सावकाश.

डाव्या मोज्यात दोन निघाल्या.
मी एकटा राहतो.
कोणापासून लपवल्या होत्या, सांगता येईना.
तिघंही हसलो,
मग मला रडू आलं,
इस्मेतसाठी, असं मी म्हणालो.
तुंजायने त्या दोन नळाखाली धरल्या.
शुक्रियेने टोपी परत माझ्या डोक्यावर ठेवली,
जराशी वाकडी.
जा आता खाली, म्हणाली.

या गोष्टीला दोन वर्षं होतील.
गुरुवारी हल्ली एक नवी मुलगी येते, बेकरीतली, एलमास.
काल रात्री तिचा फोन आला.
बोलत नव्हती.
मीही घाई केली नाही.
उठलो, दोन कांदे घेतले,
सुरी घेतली.
गरज नव्हती कांद्यांची.