पोचपावती

गूल गावात पाण्याच्या दोन टाक्या आहेत,
एक जाडी, एक बारकी.
लोक त्यांना मीठदाणी आणि मिरपूडदाणी म्हणतात.
माझ्या खिडकीतून दोन्ही दिसतात.
खाली पायांचा दवाखाना.
मी वर बसून पायांना निरोप पाठवते.

निरोप म्हणजे काय,
महिरपी कंसात तीन गोष्टी:
कोणाला, कोणाकडून, काय.
+४४ ने सुरू होणारा नंबर, अवतरणचिन्हांत.
सोबत एक लांबलचक किल्ली,
जी कोणाला दाखवायची नाही.
मग पत्त्यावर ढकलायचं आणि वाट पाहायची.
पलीकडून उत्तर येतं, २०२.
म्हणजे, घेतलं.
पोचलं, असं म्हणत नाही.

शाळेत पत्रलेखनाला पाच गुण होते,
त्यातला एक मायन्याचा.
सा. न. वि. वि. लिहिलं की तिरोडकर बाई खूश.
इतकं आखडून लिहायला शिकलेली मी,
एकशे साठ अक्षरं मला पुरून उरतात.
फक्त या धंद्यात एक अट आहे:
देवनागरीचं एक अक्षर आत शिरलं,
नुसता अनुस्वार जरी,
की एकशे साठचे सत्तर होतात.
पैसे आमचे जातात. बेव्हर्ली बिल बघते.

सोमवारी संध्याकाळी मी एक ओळ बदलली.
पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठव.
साधी, समंजस ओळ.
त्या रात्री पलीकडचा सर्व्हर सुस्त होता,
निरोप घेत होता, हुंकार देत नव्हता.
माझा कोड दार वाजवत राहिला.

मिस्टर नॉर्मन स्केल्टन, वय ब्याऐंशी,
गोदीतून निवृत्त, डाव्या अंगठ्याचं नख आत वाढलेलं.
यादीत तो पहिला. यादी पुढे सरकलीच नाही.
"गुरुवारी दहा वाजता आपली वेळ आहे."
रात्री दोन दहा ते दोन चौतीस,
एक्केचाळीस वेळा.
(रात्री कशी गेली, ती वेगळीच भानगड.)

आमच्या नंबरावर उत्तरंही येतात.
एका तक्त्यात पडतात. तक्ता कोणी उघडत नाही.
सकाळी मी उघडला.

२:११ येतो.
२:१३ येतो म्हटलं ना.
२:१९ वाचलं. चष्मा लावून वाचलं.
२:२८ गुरुवार. दहा. डावा पाय.
२:३६ तू ठीक आहेस ना, लव्ह?

लव्ह इथे बसचा ड्रायव्हरही म्हणतो,
सुट्टे परत देताना. त्यात काही नसतं.
तरी खुर्ची मागे सारून
मी मीठदाणीकडे बघत बसले जरा.
घरचे विचारतात, पोचलीस का, जेवलीस का.
हा प्रश्न निराळा होता:
एकच गोष्ट एक्केचाळीस वेळा सांगणाऱ्या माणसाला
नेमकं काय होतंय, असा.

ती ओळ दुरुस्त केली.
प्रत्येक निरोपाला खुणेचा आकडा दिला,
तोच आकडा पुन्हा आला तर पलीकडचा म्हणेल, घेतलंय हे.
बेव्हर्लीला सांगितलं. ती म्हणाली, चाळीसचे किती?

मग यादीतून नाही, हाताने, एकट्यासाठी,
महिरपी कंस उघडला.
इंग्रजीत माफी मागितली:
यंत्र बिघडलं होतं, मी ठीक आहे, सावकाश या.
चौऱ्याण्णव अक्षरं. इथवर एका निरोपाचे पैसे.
पण पाच गुणांचं पत्र अर्धवट सोडवेना.
शेवटी लिहिलं: कळावे, लोभ असावा.
अट लागली. एकाचे दोन झाले.
त्याच्या जुन्या फोनवर बहुधा
चौकोनच उमटणार होते.

२०२.
बऱ्याच वेळाने, स्थिती: पोचला.

दुपारी तक्त्यात नवी ओळ,
"शेवटचे डबे मला वाचता येत नाहीत.
गुरुवारी फोन घेऊन येतो. तूच सांग."